मनाला लागलेल्या पुस्तकाबद्दल ग्रुपवर लिहायचं कसं?

गोव्यात मराठी वाचणाऱ्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप आता तालुक्यातालुक्यात झालेत. कुठे वाचनालयाच्या सभासदांचा, कुठे निवृत्त शिक्षकांचा, कुठे कॉलेजच्या जुन्या विद्यार्थ्यांचा. डिचोलीच्या ग्रुपात दुबईला नोकरी करणारी मुलगी असते आणि काणकोणच्या ग्रुपात पुण्यात घर केलेले काका. नवीन आलेला माणूस बरेच दिवस नुसता वाचत राहतो. मग एखादं पुस्तक असं हाती येतं की मिटल्यावर कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही, आणि घरात तर ते कुणीच वाचलेलं नसतं. ग्रुप उघडतो, दोन ओळी लिहितो, पुसतो. एवढ्या लोकांसमोर काय लिहायचं, आणि किती?

त्या वेळी उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे.

मला म्हणायचंय ती पुस्तकं भाषेने अवघड नसतात. जातीच्या अपमानाचं आत्मकथन, मूल गेलेल्या आईची कादंबरी, अत्याचाराची, आत्महत्येची, फाळणीची, सगळं विसरत चाललेल्या वडिलांची गोष्ट. रहस्यकथेबद्दल मत जुळलं नाही तर फार तर वाद होतो. इथे तुमची ओळ वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरात ते घडून गेलेलं असतं. म्हणून माझं सांगणं एकच आहे: पुस्तकाला मार्क देत बसू नका, ते तुम्हांला नेमकं कुठे लागलं ते सांगा, आणि दुसऱ्याला त्याचं सांगता येईल असं लिहा. पुढच्या पायऱ्या यातूनच निघतात.

पहिली पायरी: वाचतानाच खूण ठेवा

जिथे थांबावंसं वाटलं, श्वास अडकला, राग आला किंवा पुढचं वाचवेना, त्या पानाचा आकडा लिहून ठेवा. शेजारी दोन शब्द पुरे: "सासू, अंगण", "शाळेतला माठ". पुस्तक वाचनालयाचं असेल तर पेन्सिल लावू नका, कागदाची चिठ्ठी ठेवा. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातलं पुस्तक तुमच्यानंतर कितीतरी जणांच्या हातात जाणार असतं, आणि अशा पुस्तकात दुसऱ्याची अधोरेखित ओळ आधीच दिसली की आपण तिथे रडायचं की नाही हे कुणीतरी ठरवून ठेवल्यासारखं होतं.

या खुणांचा उपयोग नंतर कळतो. पुस्तक संपल्यावर मनात उरतो तो शेवट आणि एकूण जडपणा. त्यावरून लिहिलं तर "सुन्न झालो", "शब्दच नाहीत", "प्रत्येकाने वाचायलाच हवं" एवढंच निघतं. ते खोटं नसतं, पण त्यावर कुणाला पुढे बोलता येत नाही.

दुसरी पायरी: एक रात्र जाऊ द्या

पुस्तक मिटल्याबरोबर लिहायचं असेल तर वहीत लिहा, किंवा व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, तिथे लिहा. ग्रुपवर दुसऱ्या दिवशी. मध्यरात्री लिहिलेलं सकाळी वाचलं की स्वतःच्या आयुष्यातलं किती सांगायचं आणि किती ठेवायचं हे आपोआप ठरतं. उलट आठ-दहा दिवस थांबलात तर ती जागा निवते आणि पुस्तकाचा नुसता सारांश उरतो. माझ्या मते दुसरा किंवा तिसरा दिवस सगळ्यांत चांगला.

तिसरी पायरी: कुणासमोर लिहिताय ते बघा

ही पायरी गोव्यात इतर ठिकाणांपेक्षा महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मुंबईच्या एखाद्या मोठ्या फेसबुक ग्रुपवर तुम्ही कोण हे कुणाला माहीत नसतं. आपल्याकडे आडनाव आणि वाडा कळला की तुमची आत्या कुठे दिली हेही कळतं. "आमच्या शेजारी एका सुनेचा असाच छळ झाला" असं तुम्ही लिहिता, नाव घेत नाही, तरी फोंड्यातल्या निम्म्या लोकांना ती कोण हे समजलेलं असतं. पुस्तकातली गोष्ट वाचून आठवलेली दुसऱ्याची गोष्ट सांगायची झाली तर त्या माणसाला विचारून सांगा. विचारणं शक्य नसेल तर सांगू नका. स्वतःची गोष्ट सांगतानाही तिच्यात आई, भाऊ, नवरा असतात, आणि त्यांचे नातेवाईक ग्रुपात असू शकतात.

लैंगिक अत्याचारावरच्या पुस्तकाच्या बाबतीत तर हा कायद्याचाही मामला आहे. अशा गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव किंवा तिची ओळख पटेल असा तपशील प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, आणि लहान मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून पॉक्सो कायद्यात कलम 23 आहे. नाव न घेता गाव, शाळा आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला तरी ओळख पटते. "पुस्तक वाचून ती अमक्या वर्षाची केस आठवली" इथपासून सुरुवात होते आणि तीन उत्तरांत कुणीतरी सगळं सांगून मोकळं होतं. ग्रुपचे ॲडमिन असाल तर असे मेसेज लगेच काढा, संकोच करू नका.

"मेसेज आपोआप नाहीसे होतील" ही सेटिंग 24 तास, 7 दिवस किंवा 90 दिवसांसाठी लावता येते, पण तेवढ्यात स्क्रीनशॉट काढायला कुणाला अडचण नसते. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात 1024 माणसं मावतात. ज्या ग्रुपातली निम्मी नावं तुम्हांला ओळखीची नाहीत तिथे पुस्तकाबद्दल लिहा आणि स्वतःचं जपून ठेवा. स्वतःबद्दल मनापासून लिहायचं असेल तर तेच पुस्तक वाचलेल्या चार-पाच जणांचा वेगळा ग्रुप करा. पुस्तक संपलं की तो बंद केला तरी चालतो.

चौथी पायरी: मेसेज लिहा

सगळ्यांत वरती एक ओळ विषयाची आणि किती उघड केलंय याची. परवाच ज्याच्या घरात माणूस गेलंय त्याला ती ओळ वाचून पुढे जाता येतं. मग पुस्तकातली एक जागा. मग तुमचं काय झालं ते. शेवटी, वाटलं तर, एक प्रश्न.

समजा, धरणात गेलेल्या गावावरची कादंबरी तुम्ही वाचली आहे. मेसेज असा असू शकतो:

"विषय विस्थापनाचा, एक मृत्यूही आहे. शेवट सांगितलेला नाही. दुसऱ्या भागात गाव रिकामं करायची नोटीस येते. सगळे सामान बांधताहेत आणि सासू अंगण सारवत बसली आहे. महिन्याभरात पाण्याखाली जाणारं अंगण. सून तिला थांबवत नाही, शेण कालवून देते. इथे मी पुस्तक खाली ठेवलं. माझी आजी शेवटच्या आजारातही तुळशीला पाणी घालायला उठायची आणि घरचे तिला अडवायचे. मला त्या सुनेचं फार कौतुक वाटलं. पुढचा मोर्चाचा भाग मला लांबलेला वाटला, पण कदाचित माझं मन अंगणातच राहिलं होतं. तुम्हांला तो भाग कसा वाटला? आणि ज्यांच्या घरच्यांनी असं गाव सोडलंय त्यांना हे वाचवतं का? सांगावंसं वाटलं तरच सांगा."

यात कादंबरीची पूर्ण गोष्ट नाही, लेखकाची थोरवी नाही. एक अंगण आहे. ज्याने पुस्तक वाचलेलं नाही त्यालाही शेण कालवून देणारी सून दिसते. स्वतःबद्दल एकच वाक्य आहे, तेही कुणाला उघडं पाडत नाही. नावडलेला भागही आहे, कारण दुःखाचं पुस्तक आहे म्हणून त्यातलं सगळं आवडलंच पाहिजे असं नाही.

शेवटचं "सांगावंसं वाटलं तरच सांगा" हे विशेष. साळावली धरणात सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव गेलं, तिथली माणसं वाडे आणि वालकिणी या गावांतल्या वसाहतींत आली. मे महिन्यात पाणी उतरतं, तेव्हा ती माणसं आजही जुन्या गावात सोमेश्वराच्या उत्सवाला जातात. त्यांची मुलं-नातवंडं तुमच्या ग्रुपात असतील. त्यांच्या नावाने हाक मारून "तुम्ही सांगा ना, तुमचं गाव गेलंय" असं विचारलं की त्यांना सगळ्यांसमोर साक्षीला उभं केल्यासारखं होतं. प्रश्न सगळ्यांना विचारायचा, उत्तर द्यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं.

हेच जातीवरच्या लेखनाला लागू आहे, आणि जास्त. दलित आत्मकथन वाचून "हे असं होतं यावर विश्वासच बसत नाही" असं मनापासून लिहिणारे पुष्कळ असतात. ग्रुपात ज्याने ते भोगलंय त्याला या वाक्यातून काय ऐकू येतं याचा विचार करा. त्याऐवजी "मला हे आजवर माहीत नव्हतं, आणि माहीत नसायचं कारण मी कुठे वाढले त्यात आहे" हे खरं आहे आणि कुणावर पुरावा द्यायची पाळी आणत नाही. आपल्याकडे भाटकार म्हणजे जमीनमालक, आणि त्याच्या जमिनीत घर करून राहणारे मुंडकार, यांचंही तसंच. मुंडकारांना घरातून काढता येऊ नये म्हणून 1975 साली कायदा झाला, तरी मुंडकारपणाचे दावे अजून मामलेदारांसमोर चालू आहेत. जमीनदाराच्या जुलमाची कादंबरी ग्रुपवर आली की भाटकाराची नात आणि मुंडकाराचा नातू दोघंही ती वाचत असतात. नातीने "सगळेच भाटकार तसे नव्हते" असं लिहायची घाई करू नये. आधी पुस्तकात जे आहे त्यावर लिहावं. घरची बाजू सांगायची वेळ नंतर येते, आणि तेव्हा ती ऐकूनही घेतली जाते.

आत्मकथनाबद्दल लिहिताना आणखी एक गोष्ट सांभाळा. कादंबरीतल्या बापाला नालायक म्हणता येतं, आत्मकथनातला बाप खरा असतो आणि त्याची लेकरं हयात असतात. लेखिकाही कदाचित तुमचं वाचेल. "तिने तेव्हाच घर का सोडलं नाही?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ग्रुपात येतो. तो मनात आला तर आधी पुस्तकात परत जाऊन बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच दिलेलं असतं: पैसे कुणाच्या हातात होते, माहेरी कोण होतं, मुलं केवढी होती.

शेवट लपवण्याचं तंत्र थोडक्यात. टेलिग्रामवर मजकूर निवडून स्पॉयलर करता येतो, वाचणाऱ्याने बोट लावलं की उघडतो. गुडरीड्सवर परीक्षण लिहिताना स्पॉयलरची खूण करता येते. व्हॉट्सॲपवर पहिल्या ओळीत "पुढे शेवट आहे" लिहा, खाली बऱ्याच रिकाम्या ओळी सोडा आणि मग लिहा. लांब मेसेज "आणखी वाचा"च्या मागे जातो. पाठवल्यावर काही खटकलं तर 15 मिनिटांत दुरुस्त करता येतं.

मजकूर मराठीतच हवा असं नाही. आपल्या ग्रुपांत कुणी मराठी पुस्तकावर कोकणीत लिहितं, आणि मनातलं बोलताना घरची भाषा ओठांवर येणारच. तिथे भाषेचा वाद काढू नका.

पाचवी पायरी: दुसऱ्याने लिहिलं की उत्तर द्या

लिहिण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि ग्रुप टिकतो तो यावर.

समजा एका बाईंनी लिहिलं: "हे पुस्तक मला पूर्ण करता आलं नाही. आमचा मुलगा गेला त्याला तीन वर्षं झाली. हॉस्पिटलचं प्रकरण आलं आणि मी मिटलं." यावर पाच मिनिटांत जे येतं ते सगळ्यांना माहीत आहे: हात जोडलेले, फुलं, "काळजी घ्या", "देवाची इच्छा", "ध्यान सुरू करा", आणि एखादे काका स्वतःच्या भावाच्या अपघाताची दीड पानी हकिकत. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण बाईंनी जे सांगितलं ते या सगळ्याखाली दिसेनासं होतं.

आधी त्यांनी सांगितलेल्या गोष्टीला उत्तर द्या, त्यांच्याच शब्दांना धरून: "बाई, हॉस्पिटलच्या प्रकरणाशी तुम्ही थांबलात ते वाचलं. मीही ते प्रकरण एका दमात वाचू शकलो नाही, आणि माझ्या घरात असं काही घडलेलं नाही. तुम्ही इथे लिहिलंत हे बरं केलंत. मुलाबद्दल कधी बोलावंसं वाटलं तर फोन करा, मी संध्याकाळी मोकळा असतो." इतकंच. मुलाचं वय, आजार, कुठलं हॉस्पिटल हे विचारायचं नाही. आपली गोष्ट लगेच पुढे करायची नाही. त्यांनी विचारलं तर सांगायची. पुढचं बोलणं ग्रुपबाहेर न्यायचं असेल तर मेसेजवर बोट दाबून "खासगीत उत्तर द्या" निवडा.

आणि कुणीच उत्तर दिलं नाही असं होऊ देऊ नका. मनातलं लिहिलं आणि खाली थेट कुणीतरी गुड मॉर्निंगचं चित्र टाकलं, तर तो माणूस पुन्हा लिहीत नाही. काय लिहावं सुचलं नाही तर "वाचलं, संध्याकाळी नीट लिहिते" एवढं तरी लिहा, आणि संध्याकाळी लिहा.

एखाद्याच्या मेसेजमध्ये "आता जगण्यात अर्थ वाटत नाही", "पुस्तकातल्यासारखंच करावंसं वाटतं" असं काही दिसलं तर त्यावर ग्रुपात चर्चा करू नका. फोन उचला. ग्रुपातल्या ज्याची त्या माणसाशी सगळ्यांत जवळीक आहे त्याने करायचा, आणि स्पष्ट विचारायचं: "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?" असं विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस ही फोनसेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे. बांबोळीला मनोविकार उपचारांची सरकारी संस्था आहे. धोका आत्ताच दिसत असेल तर 112, आणि जवळ राहणाऱ्या कुणीतरी प्रत्यक्ष घरी जायचं.

वाद झाला तर

सगळे रडत असताना कुणीतरी "मला हे भडक वाटलं" असं लिहितं. त्याला दगड ठरवू नका. कुठलं पान भडक वाटलं ते विचारा. बऱ्याचदा त्याचं म्हणणं बरोबर असतं: लेखकाने एक प्रसंग वाचकाला रडवण्यासाठीच घातलेला असतो. आणि ते मत तुमचं असेल तर पुस्तकाबद्दल लिहा, रडणाऱ्यांबद्दल लिहू नका. "हे प्रकरण मला पटलं नाही" यावर बोलता येतं. "काय ही रडारड" यावर फक्त भांडता येतं.

पुस्तकाची पीडीएफ मागितली जाईल. लेखकाच्या हक्कातल्या पूर्ण पुस्तकाची प्रत ग्रुपवर टाकणं बेकायदेशीर आहे. चर्चेसाठी उतारा देणं चालतं. परिच्छेदभर द्या, पान लिहा.

ऑनलाइन भेट ठरवायची असेल तर

वेळ आखातातल्या लोकांना विचारून ठरवा. इथे रात्रीचे 9 म्हणजे दुबईत साडेसात, कुवेतमध्ये साडेसहा. लंडनला हिवाळ्यात दुपारचे साडेतीन, उन्हाळ्यात साडेचार. झूमची फुकट बैठक 40 मिनिटांत बंद पडते, गुगल मीटवर तीन किंवा जास्त माणसं असली तर 60 मिनिटं मिळतात. हलक्याफुलक्या पुस्तकाला हे चालून जातं. पण कुणीतरी आपल्या बहिणीबद्दल बोलत असताना मध्येच स्क्रीन काळी होणं फार वाईट. शेवटची 10 मिनिटं नवीन कुणाला बोलायला लावू नका, आणि वेळेचं भान ठेवायला एक माणूस नेमा. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नको. सत्तरीच्या आतल्या भागात पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही जातात, त्यामुळे अर्ध्यात गायब झालेल्याला दुसऱ्या दिवशी विचारा: तुमचं राहिलं होतं का काही?

पहिल्या खेपेला फार जवळच्या विषयाचं पुस्तक घेऊ नका. ज्या दुःखापासून तुम्ही थोडे लांब आहात त्यावर आधी लिहून बघा. आणि पुस्तक पूर्ण झालं नसेल तरी लिहायला हरकत नाही. कितव्या पानावर सोडलं ते लिहा, शक्य असेल तर का तेही. ज्यांनी ते पूर्ण वाचलंय ते तुम्हांला सांगू शकतील की पुढे ते आणखी जड होतं की थोडं हलकं, आणि मग परत उघडायचं की वाचनालयात नेऊन द्यायचं हे तुम्हांला ठरवता येईल.